खोकला किती दिवसांचा आहे? बाटली मागायच्या आधी एवढं पाहून घ्या

मेडिकल दुकानाच्या काऊंटरवर दिवाळीपासून होळीपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, खोकल्याची एखादी चांगली बाटली द्या ना." मी उलट विचारतो किती दिवस झाले, तर माणूस आधी वैतागतो, मग मागं वळून बायकोला विचारतो, "कधीपासून खोकून राहिलो गं मी?" अन् ती सांगते ते ऐकून त्यालाच धक्का बसतो, कारण हा म्हणत असतो चार-पाच दिवस आणि निघतो सव्वा महिना. मी नागपुरात फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण घरी थांबायचं, बाटली घ्यायची की सरळ दवाखाना गाठायचा हे ठरवायला जे प्रश्न लागतात ते कोणालाही घरबसल्या विचारता येतात, फक्त क्रम नीट पाहिजे. तो क्रम खाली लिहितो.

पायरी १: थांबायला वेळ आहे की नाही ते आधी पाहा

खोकला ओला की सुका हे नंतर, आधी श्वास बघा. बसल्या जागी दम लागतोय, एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतायत, छातीत दुखतंय, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, किंवा खोकल्यातून चमचा-दोन चमचे रक्त पडलं, यातलं काहीही असेल तर दुकानात येऊच नका, १०८ ला फोन लावा नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा. कोविडपासून कपाटात पडलेला पल्स ऑक्सिमीटर असेल तर तो काढा, नेलपॉलिश पुसा, हात गार असेल तर चोळून गरम करा अन् मग लावा. ऑक्सिजनचा आकडा ९५ च्या वर असेल तर बरं, ९३ किंवा खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, ९० च्या खाली म्हणजे लगेच भरती व्हायची तयारी. ज्यांना आधीपासून दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे त्यांचा आकडा एरवीही कमी असतो, त्यांनी आपला नेहमीचा आकडा माहीत करून ठेवावा.

लेकरांचं वेगळं आहे, लेकरू सांगू शकत नाही म्हणून मोजावं लागतं. बाळ शांत असताना किंवा झोपेत असताना सदरा वर करायचा, मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण मिनिटभर मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळांचा श्वास मध्येच थांबून-थांबून चालतो, हिशोब चुकतो. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, असे श्वास असले तर ते न्यूमोनियाचं लक्षण धरायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, प्यायलेलं सगळं उलटून टाकत असेल, झटके आले असतील, उठवूनही सुस्त पडत असेल, तर मोजत बसायची पण गरज नाही, निघा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी त्याच दिवशी.

अजून एक, हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. चांगलं खेळत असलेलं लेकरू अचानक ठसकून खोकायला लागलं, ताप नाही सर्दी नाही, आणि जवळ शेंगदाणे, फुटाणे नाहीतर खेळण्याचा तुकडा होता, तर तो श्वासनळीत गेलेला असू शकतो. थोड्या वेळानं खोकला थांबतो, आईबाप म्हणतात झालं बरं, अन् दोन-तीन आठवड्यांनी त्याच फुप्फुसात न्यूमोनिया होतो. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून "जेवताना ठसका लागला होता" हे डॉक्टरला तुम्हीच सांगायला पाहिजे.

पायरी २: दिवस मोजा

मोठ्या माणसाचा खोकला ३ आठवड्यांच्या आतला, ३ ते ८ आठवड्यांचा आणि ८ आठवड्यांच्या वरचा, असे तीन गट डॉक्टर करतात, कारण तिन्हींची कारणं वेगळी निघतात. मुलांमध्ये ४ आठवडे झाले की तो जुना खोकला.

पहिल्या गटात बहुतेक वेळा व्हायरल असतं. सर्दी-ताप चार-पाच दिवसांत जातो, खोकला मात्र मागं राहतो, आणि व्हायरलनंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे चालतो ही गोष्ट लोकांना कोणी सांगतच नाही. त्यांचा अंदाज आठवडाभराचा असतो. म्हणून आठव्या दिवशी माणूस घाबरून येतो, अॅझिथ्रोमायसिनचा पत्ता मागतो, तीन गोळ्या खातो, मग खोकला जायचा तेव्हाच जातो आणि श्रेय गोळीला मिळतं. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. बेडका पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं हेही खरं नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या सर्दीतही येतो. गंजासारखा तांबूस बेडका, थंडी वाजून ताप अन् एका बाजूला श्वास घेताना टोचणं, हे एकत्र आलं तर मात्र न्यूमोनियाचा विचार करावा लागतो. असंच, बरं वाटायला लागलं होतं आणि सहाव्या-सातव्या दिवशी परत ताप चढला, तरी दाखवायचं.

आता आपल्या देशातली सगळ्यात महत्त्वाची रेघ: २ आठवडे. दोन आठवडे खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे. सोबत संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, भूक मरणं किंवा थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडे पण थांबू नका. शुगर असलेले, एचआयव्ही असलेले, घरात कोणाला टीबी झालेला, स्टिरॉईडच्या गोळ्या चालू असलेले, यांनी तर अजून लवकर. "आमच्या घरात कोणाला नाही, आम्हाला कसा होईल" असं धरमपेठेतला माणूस पण म्हणतो अन् उत्तर नागपुरातला पण म्हणतो. टीबी हवेतून पसरतो, तो पत्ता विचारत नाही.

इथंच काऊंटरवरून एक धोक्याची गोष्ट सांगतो. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूलाही थोडी दाबतात. म्हणजे खोकल्यासाठी कोणी अशी गोळी मनानं खाल्ली तर आठ-दहा दिवस बरं वाटतं, तपासणी पुढं ढकलली जाते, आणि आजार आत वाढत राहतो. म्हणून थुंकी तपासायच्या आधी असली गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका, अन् कोणी देत असला तरी घेऊ नका.

पायरी ३: खोकला कधी येतो, कसा येतो

तीन-चार दिवस मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. खोकल्याची वेळ बरंच काही सांगून जाते.

पहाटे दोन-चारला ढास लागते, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, धावल्यावर, हसल्यावर, गार हवेत किंवा अगरबत्तीच्या धुरात वाढतो: हा दमा असू शकतो, अन् दम न लागता नुसत्या खोकल्याच्या रूपात येणारा दमाही असतो. आडवं पडलं की सुरू होतो, घशात काहीतरी उतरत असल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावं लागतं: नाकातून मागं घशात उतरणारा स्राव, म्हणजे उपचार नाकाचा. जेवल्यावर, वाकल्यावर, रात्री उशिरा जेवून झोपल्यावर येतो, तोंडाला आंबट पाणी, सकाळी आवाज बसलेला: अॅसिडिटी. यात छातीत जळजळ व्हायलाच पाहिजे असं नाही. सावजी खाऊन रात्री बाराला झोपणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

रात्री सपाट झोपता येत नाही, दोन-तीन उशा लागतात, पायावर सूज, जिना चढताना धाप, हे हृदयाकडे बोट दाखवतं. असला माणूस कफाची बाटली मागायला येतो, मी पायाकडं बघतो, चपलेचा पट्टा रुतलेला असतो. त्याला बाटली नाही, ईसीजी पाहिजे.

लेकरू एकामागोमाग एक खोकत सुटतं, मध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही, शेवटी हूप करून हवा आत ओढतं आणि उलटी करतं, तो डांग्या खोकला. लसीकरणाचं कार्ड काढून बघा: डांग्या खोकल्याचीही लस असलेल्या पेंटाव्हॅलंटचे डोस ६, १०, १४ आठवड्यांना असतात, अन् त्याच रोगावरच्या डीपीटीचे बूस्टर दीड वर्षाच्या आसपास आणि ५-६ व्या वर्षी, आणि नेमके हे बूस्टरच राहून जातात. अगदी लहान बाळात हूप आवाज न येता नुसता श्वास थांबतो, म्हणून ते जास्त भीतीचं. रात्री अचानक भुंकल्यासारखा खोकला आणि घोगरा आवाज म्हणजे क्रूप, घशाखालच्या श्वासमार्गाची सूज. बाळ शांत असतानाही श्वास घेताना घर्र आवाज येत असेल तर रात्रीच न्या. मुलाचा खोकला हमखास रात्रीच येतो अन् डॉक्टरसमोर ते मजेत हसत बसतं, म्हणून त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.

विदर्भात राहतो म्हणून एक खास. आपला भाग फायलेरियाचा, म्हणजे हत्तीपायाचा. फायलेरियाच्या जंतूमुळे काही लोकांना पाय सुजत नाही पण फुप्फुसाचा त्रास होतो, रात्रीचा खोकला, घरघर, बारीक ताप, थोडं वजन कमी, हुबेहूब दम्यासारखा किंवा टीबीसारखा. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ३००० च्या वर गेलेल्या दिसतात आणि डीईसी या फायलेरियाच्या औषधाच्या गोळ्यांच्या तीन आठवड्यांच्या कोर्सनं बहुतेकांना आराम पडतो. दम्याचे पंप (इनहेलर) चालू आहेत अन् फरक नाही, तर "साहेब, इओसिनोफिल किती आहेत?" हे विचारायला लाजू नका, सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या रिपोर्टमध्येच तो आकडा असतो.

पायरी ४: औषधांचा डबा उघडा

बीपीच्या गोळीचं नाव वाचा. शेवटी "प्रिल" असेल, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिन्डोप्रिल, तर सुका, घशात खवखवणारा खोकला तिच्यामुळे असू शकतो. गोळी सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात येईल असं नाही, काही महिन्यांनीही येतो, म्हणून कोणी संबंधच जोडत नाही. स्वतःहून बंद करायची नाही, बीपी उसळेल. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा, ते बदलून देतात. बदलल्यावर साधारण १ ते ४ आठवड्यांत जातो, कधीकधी तीन महिनेही लागतात. दमा असलेल्यांनी मायग्रेन किंवा धडधडीसाठी मिळणारं प्रोप्रॅनोलॉल चालू आहे का तेही बघावं, त्यानं श्वासनळ्या आवळतात.

पायरी ५: घर आणि काम

एप्रिलमध्ये कूलर काढतो, बाजूच्या गवताच्या ताट्या मागच्या वर्षीच्याच, टाकीत हिरवं साचलेलं, आणि पहिल्याच रात्री घरभर तो कुबट वास. ती बुरशी. ताट्या बदला, टाकी घासा, पहिले दोन तास खिडक्या उघड्या ठेवून पंखा चालवा, मग झोपा. थंडीत उलटं, खिडक्या बंद, शेजारी कचरा पेटवलेला, धूर खाली बसून राहतो, अशा वेळी भल्या पहाटे फुटाळा तलावावर फिरायला जाण्यापेक्षा ऊन पडल्यावर जा. वीजकेंद्रांशेजारच्या कोराडी-खापरखेड्याकडच्या लोकांना राखेबद्दल मी काय सांगणार.

काम काय करता हे डॉक्टरला आठवणीनं सांगा. खाणीत, स्टोन क्रशरवर, टाइल कटिंगवर असाल तर सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि वर टीबीचा धोकाही वाढवते. कापसाच्या जिनिंग-स्पिनिंगमधल्या लोकांना सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ती पण खूण आहे. चुलीवर आयुष्य काढलेल्या बायकांना बिडी न ओढता सीओपीडी होतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. बिडी-सिगरेटवाल्याचा रोजचा खोकला अचानक बदलला, आवाज बसला, वजन उतरलं, तर एक्स-रे लगेच. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यानं तीन आठवडे आवाज बसला किंवा गिळताना दुखलं तर कान-नाक-घसावाल्याकडे जायचं, पेपरमिंटच्या गोळ्या चघळत बसायचं नाही.

पायरी ६: घरी काय करायचं, बाटली कोणती

व्हायरल खोकला असेल आणि पहिल्या पायरीतलं काही नसेल तर कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, उशी थोडी उंच, झोपताना एक चमचा मध. मधाचा मुलांमधला परिणाम चांगला आहे, पण १ वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचासुद्धा नाही, बॉट्युलिझम ही विषबाधा होऊ शकते, मग आजी कितीही आग्रह करो. हळद-दूध घ्या, पण अॅसिडिटीचा खोकला असेल तर झोपताना नको. गरम पाण्याच्या भांड्यावर लेकराला वाफ द्यायला बसवू नका, भाजण्याचे प्रकार फार होतात. कापूर असलेला बाम २ वर्षांच्या आतल्या बाळाला लावायचा नाही, अन् नाकपुडीत तर कोणालाच नाही.

बाटल्यांचं असं आहे की सगळ्या सारख्या दिसतात आणि नावामागच्या दोन अक्षरांत सगळा फरक असतो. मागं "डी" किंवा "डीएक्स" असलेल्यात बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते खोकला दाबतं, सुक्यासाठी. "एलएस" असलेल्यात लेव्होसाल्ब्युटामॉल, ते श्वासनळ्या उघडतं. घरघर नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, हात थरथरतात अन् छाती धडधडते ते वेगळं. भरपूर बेडका येत असताना दाबणारं औषध घेतलं तर कफ आतच राहतो. मागचं लेबल वाचा, शेजाऱ्याला लागू पडलेली बाटली तुमची नसते. क्लोरफेनिरामिन हे सर्दीचं औषध असेल तर झोप येते, घेऊन गाडी चालवू नका. शुगर असेल तर शुगर-फ्री मागा. कोडीनचं औषध चिठ्ठीशिवाय मागू नका, त्याची सवय लागते, आणि आम्हाला त्याची रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते.

आणि लहान मुलांना कफ सिरप: नकोच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं किडनी बंद पडलेल्या अवस्थेत नागपूरच्या दवाखान्यांत आणली जात होती, त्यातली कितीतरी वाचली नाहीत. त्यांना साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, तपासणीत सिरपचा जवळजवळ निम्मा भाग तेच होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं की २ वर्षांच्या आत खोकला-सर्दीची औषधं लिहायचीच नाहीत आणि ५ वर्षांच्या आत सर्वसाधारणपणे द्यायची नाहीत. त्याआधी २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनची जोडी ४ वर्षांच्या आत देऊ नये असं ठरलं होतं. तरी अजून माणसं मोठ्या पोराची उरलेली बाटली धाकट्याला अर्धा चमचा देतात. ती बाटली फेका. लेकराला कोणतंही सिरप दिलंय अन् लघवी कमी झाली, उलट्या लागल्या, तर बाटली सोबत घेऊन तडक मोठा दवाखाना.

पायरी ७: दवाखान्यात जाताना

थुंकीची तपासणी महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातून होते, मेडिकल आणि मेयो या सरकारी कॉलेजांच्या दवाखान्यांत अन् मिहानच्या एम्सला तर होतेच, पैसे लागत नाहीत. नमुना नीट द्या, सगळा खेळ त्यावर आहे. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, मोकळ्या हवेत उभं राहायचं, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून बेडका डबीत काढायचा. तोंडातली लाळ दिली तर मशीन कितीही भारी असो, रिपोर्टला अर्थ नाही. टीबी निघालाच तर औषधं फुकट, साधारण ६ महिने, आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. घरच्यांची पण तपासणी करून घ्या, लहान मुलं असतील तर त्यांना प्रतिबंधक औषध लागेल का ते विचारा. टीबीची हेल्पलाइन १८००-११-६६६६.

८ आठवड्यांच्या वरच्या खोकल्याला कमीत कमी छातीचा एक्स-रे झालाच पाहिजे, मग गरजेप्रमाणे फुंकायची टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री, सीबीसी, नाक-घशाची तपासणी. एकदम सीटी स्कॅन करा म्हणणारा भेटला तर आधी एक्स-रेत काय आलं ते विचारा. पंप लिहून दिला तर "सवय लागेल" म्हणून घरी ठेवून देऊ नका, सवय लागत नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून घ्या, रोजचा स्टिरॉईडचा पंप असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आणि दुकानदाराला एकदा ओढून दाखवा, निम्मे लोक दाबतात एकीकडे अन् श्वास घेतात दुसरीकडे.

जाताना चालू औषधांचे पत्ते पिशवीत टाका, कधीपासून खोकला ती तारीख, नोट्स, मुलाचा व्हिडिओ, जुना केसपेपर, आणि घरात कुठं गादीखाली जुनी एक्स-रेची फिल्म पडली असेल तर ती शोधून न्या, फुप्फुसावरचा डाग नवा आहे की दहा वर्षांपूर्वीचाच, हे जुन्या फिल्मशेजारी नवी लावली की डॉक्टरला तिथल्या तिथं दिसतं.